स्वातंत्र्य आतलं, म्हणून हिशेब नको?

तिकडच्या, म्हणजे मायदेशातल्या, आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) वार्षिक सभेत एका तरुण मुलीने उभं राहून विचारलं, वर्षभराच्या दानार्पणाचा जमाखर्च वाचून दाखवाल का? सभेत त्यावर कोणी काही बोललं नाही. उत्तर पुढच्या रविवारी पाळकसाहेबांच्या उपदेशात, पुलपिटावरून आलं. तिचं नाव न घेता, पण ती बसली होती त्या बाकाकडे बघत, असं माझी मावसबहीण सांगते. त्या उपदेशाचं रेकॉर्डिंग मला इथे इंग्लंडमध्ये एकामागून एक कितीतरी जणांनी पाठवलं, ‘फार आशीर्वाद मिळाला’ असं लिहून. मी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही.

उपदेश थोडक्यात असा होता. ख्रिस्ताने दिलेलं स्वातंत्र्य आत्म्याचं आहे. पापाच्या दास्यातून, सैतानाच्या सत्तेतून, मरणाच्या भयातून सुटका. ज्याला ती लाभली तो बाहेरच्या व्यवहारांवरून कुरकुर करत नाही, तो अधिकाऱ्यांच्या अधीन राहतो. आणि मग इब्री लोकांस पत्र, अध्याय तेरा, वचन सतरा: आपल्या अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा, त्यांच्या अधीन असा.

यातला पहिला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. जो पाप करतो तो पापाचा दास आहे, हे येशूनेच म्हटलंय. जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही आणि जे नको तेच होतं, हे पौलाचं गाऱ्हाणं माझंही आहे. त्या बेडीतून मला माझ्या शिक्षणाने सोडवलं नाही, इथल्या पासपोर्टनेही नाही. कृपेने सोडवलं. म्हणूनच हे इतकं मोलाचं सत्य कोणी हिशेबाच्या वहीवर पांघरूण घालायला वापरलं की माझा तोल सुटतो.

मी राहते त्या देशात हा प्रकार आधी होऊन गेलाय, आणि फार मोठ्या प्रमाणावर. 1727 साली लंडनचे बिशप एडमंड गिब्सन यांनी वसाहतींतल्या मळेवाल्यांना पत्र लिहिलं. मळेवाल्यांना धास्ती होती, की गुलामांना बाप्तिस्मा दिला तर ते आपण मोकळे झालो म्हणतील. बिशपांनी त्यांना निश्चिंत केलं: ख्रिस्ती धर्म देतो ते स्वातंत्र्य पाप आणि सैतान यांच्या दास्यापासूनचं आहे, माणसाच्या वासनांपासूनचं आहे, बाहेरच्या स्थितीत बाप्तिस्म्याने काहीही बदल होत नाही. हे वाचून मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. तोच युक्तिवाद, जवळजवळ त्याच क्रमाने.

पुढे काय झालं तेही नोंदलेलं आहे. बार्बाडोसमधले कॉड्रिंग्टन मळे सुवार्ता प्रसारासाठी स्थापन झालेल्या सोसायटीच्याच मालकीचे होते, आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर ‘सोसायटी’ असा डाग दिला जात असे. 1807 साली लंडनमध्ये गुलामांसाठी एक वेगळं बायबल छापलं. त्यातून निर्गमातली मिसरच्या दास्यातून सुटकेची कथा गाळली. गलतीकरांस पत्रातलं ‘दास नाही, स्वतंत्र नाही’ हे वचन गाळलं. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं हे वचन तेवढं ठेवलं. एवढी कात्री चालवावी लागली, यावरूनच कळतं की पूर्ण पवित्र शास्त्र हातात पडलं असतं तर आतलं आणि बाहेरचं असे दोन कप्पे टिकले नसते. 2006 मध्ये इथल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडने, म्हणजे सर्वोच्च सभेने, या सगळ्याबद्दल क्षमा मागण्याचा ठराव केला.

‘कुठे गुलामगिरी आणि कुठे आमचा जमाखर्च,’ असं मला लगेच लिहून आलं. अन्यायाचं माप वेगळं आहे, मान्य. पण वचन कोणाच्या बाजूने ओढलं जातंय ते बघा. दोन्हीकडे ज्याच्या हातात सत्ता आहे तोच दुसऱ्याला सांगतोय, की तुझं स्वातंत्र्य आत ठेव.

पैशांबद्दल पौल कसा वागला हे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात उघड लिहिलेलं आहे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी जमा होत होती. ती एकट्याने नेली तर कोणी बोट दाखवील, म्हणून आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेला एक बंधू दिला, आणखीही एक दिला. फक्त प्रभूच्या दृष्टीने नव्हे, माणसांच्याही दृष्टीने जे योग्य ते आम्ही करतो, असं कारण दिलं. पौलाला माणसांच्या नजरेची पर्वा होती. आमच्या पाळकसाहेबांना ती का नसावी?

आणि अधीनतेचंच म्हणाल तर अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंक्तीतून उठून बाजूला झाला तेव्हा पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर खडसावलं. पेत्राला! तेही कशासाठी, तर पंक्तीला कोण बसतं या अगदी बाहेरच्या वाटणाऱ्या गोष्टीसाठी. ज्या पत्रात हा प्रसंग आहे त्याच पत्रात पुढे येतं, की ख्रिस्ताने आपल्याला स्वातंत्र्यासाठीच मोकळं केलंय, पुन्हा दास्याच्या जुवाखाली सापडू नका.

इथे दरवर्षी मेअखेरीच्या आत एपीसीएम, म्हणजे मंडळीची वार्षिक सभा, होते. तपासलेले हिशेब त्याआधी लोकांसमोर लागतात, रोलवर, म्हणजे मंडळीच्या मतदारयादीत, नाव असलेली कोणतीही व्यक्ती प्रश्न विचारते, व्हिकर (इथले पाळक) उत्तर देतात, सगळे चहा घेऊन घरी जातात. प्रश्न विचारणाऱ्याच्या आत्मिक स्थितीची चर्चा होत नाही. हे लिहिलं की तिकडून ठरलेलं उत्तर येतं: गोऱ्यांचं कौतुक पुरे. म्हणून मी आपल्याच माणसाचं नाव घेते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इथलाच, सप्टेंबर 1883 मधला, वाँटेजचा. पुढे चेल्टनहॅमला असताना तरुण मुलग्यांना शिकवण्यावरून बिशपांनी हरकत घेतली. शिवाय त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) शिकवणीबद्दल त्या प्रश्न विचारत होत्या, ते वेगळंच. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना 1885 मध्ये त्यांनी लिहून कळवलं, की मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे खरी, पण पाद्र्याच्या किंवा बिशपाच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला बांधलेली नाही. हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जुवातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, तसंच दुसरं जू आता मानेवर घेणार नाही. परक्या देशात, ज्यांच्या आश्रयाला होत्या त्यांनाच हे लिहायचं, केवढी छाती लागली असेल! आणि हीच बाई पुढे दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावला आणून त्यांच्यासाठी राबली, 1922 साली जाईपर्यंत बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत राहिली. बिशपांपुढे न वाकलेली मान त्या मुलींसाठी आपणहून वाकली. अधीनता म्हणजे काय ते तिकडे कोणाला शिकवायचंच असेल तर या बाईंचं उदाहरण द्या.

आता इथलं जे तिकडे कधी सांगत नाही तेही सांगते. इथे मला कोणी हटकत नाही. उशिरा गेले, मध्येच उठून आले, महिनोन्‌महिने गेलेच नाही, तरी दारात हसून हात मिळवतात आणि ‘लव्हली टु सी यू’ म्हणतात. तिकडे एक रविवार चुकला की संध्याकाळपर्यंत पाळकीणबाई दारात उभ्या राहायच्या, बरं आहे ना विचारायला. तेव्हा मला ते काचायचं. आता सकाळच्या प्रार्थनेत ‘ज्याची सेवा हेच पूर्ण स्वातंत्र्य’ ही ओळ येते तेव्हा वाटतं, मी इथे नेमकी कोणाची सेवा करते? माझ्यावर कोणाचाही हक्क नाही आणि माझाही कोणावर नाही. इथे बहुतेकांना हेच स्वातंत्र्य वाटतं, आणि मलाही ते अंगवळणी पडलंय. पण स्वातंत्र्याने देहवासनांना वाव देऊ नका, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा, असं गलतीकरांना लिहिलंय, तिथे ‘एकमेकांचे’ म्हटलंय. माझ्या आयुष्यात ते एकमेक कुठे आहेत?

म्हणून या सगळ्या वादात मला फिलिप्पैच्या तुरुंगाची गोष्ट धरून बसावीशी वाटते, आणि ती पुरी वाचावीशी वाटते. रात्रीचा भाग सगळ्यांना पाठ आहे. फटके खाल्लेले पौल आणि सीला आतल्या कोठडीत, पाय खोड्यात, मध्यरात्री गाणी गातायत. भूकंप होतो, दारं उघडतात, बेड्या गळतात. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी स्वतःवरच तलवार उपसतो आणि अंधारातून पौल ओरडतो, स्वतःला इजा करू नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. दार उघडं असताना तो थांबला, तुरुंगाच्या माणसाचा जीव वाचावा म्हणून. उपदेश बहुतेकदा इथेच संपतो.

सकाळी अधिकारी निरोप पाठवतात, त्या माणसांना सोडून द्या. पौल म्हणतो, आम्ही रोमी नागरिक. चौकशी न करता आम्हाला चारचौघांत फटके मारले, तुरुंगात टाकलं, आणि आता गुपचूप घालवता? ते चालणार नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि अधिकारी आले, त्यांनी विनवण्या केल्या. आदल्या रात्री खोड्यात गाणारा हाच माणूस होता. त्याला बाहेरच्या न्यायाची अजिबात गरज नव्हती आणि तरीही तो त्याने मागितला. मागे फिलिप्पैत नवी मंडळी उभी राहत होती, लुदियेच्या घरात. तिच्यासाठीही तो मागितला असावा, असं मला वाटतं.

तिकडे रात्र तेवढी शिकवतात. मी इथे सकाळ तेवढी घेऊन बसले आहे. त्या मुलीकडे मात्र दोन्ही आहे. ‘पटत नसेल तर दुसरी मंडळी बघ’ असं तिला सांगून झालंय, दार उघडंच आहे. ती गेलेली नाही, संडेस्कूलचा वर्ग अजून तीच घेते, आणि प्रश्नही मागे घेतलेला नाही.

मला विचारतात, तू सातासमुद्रापलीकडून कशाला बोलतेस, तुझा संबंध काय. माझं नाव त्या मंडळीच्या रजिस्टरमधून अजून कोणी काढलेलं नाही आणि माझा दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) अजून तिथेच जातो. त्याचा हिशेब मीही लेखी मागितला आहे, माझ्या नावाने, पाळकसाहेबांना आणि कमिटीला.