‘दोन महिने नुसते चेंडू’ या तक्रारीला उत्तर

नमस्कार मॅडम,

आमच्या अॅनिमेशन क्लासची दोन महिन्यांची फी भरून मुलाने कागदावर नुसते चेंडू काढले, कॉम्प्युटरला हातही लागला नाही आणि दुसरीकडे पहिल्याच महिन्यात कॅरेक्टर चालवायला शिकवतात, असं लिहून तुम्ही दोन स्टार दिलेत. ठाण्यात क्लास शोधणारे इतर पालकही हे वाचतील, म्हणून त्या चेंडूंमध्ये काय शिकवतो ते सविस्तर लिहितो.

अॅनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या २४ स्थिर चौकटी. सुरुवातीला प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. चेंडू अर्ध्या सेकंदात खाली येतो असं धरलं तर सहा चित्रं लागली. आडव्या ए-फोर कागदावर १८ सेंटिमीटर उंची घेऊन मुलं पट्टीने खुणा करतात: आधी अर्धा सेंटिमीटर, त्याच्या पुढे दीड, मग अडीच, साडेतीन, साडेचार, साडेपाच. बेरीज बरोबर १८. दहावीच्या विज्ञानातल्या मुक्त पतनाच्या सूत्रातूनच हा १, ३, ५, ७ चा क्रम निघतो. नवीन मूल सगळी अंतरं सारखी ठेवतं, आणि मग चेंडू पडत नाही, दोरीने सोडल्यासारखा उतरतो.

खरी मेहनत दुसऱ्या उडीला लागते. टप्पा पडल्यावर चेंडू ८ सेंटिमीटर वर जायचा असेल तर चार चित्रं हवीत: साडेतीन, अडीच, दीड, अर्धा. उंची निम्म्याच्या आसपास आली म्हणून मुलं चित्रंही निम्मी, म्हणजे तीनच काढतात. पण उंची निम्मी झाली तरी वेळ सुमारे सत्तर टक्के राहतो. तीन चित्रांत उरकलं की चेंडू कुणीतरी वरून खेचल्यासारखा दिसतो. चपटेपणाचंही तसंच. चेंडू फक्त जमिनीला टेकलेल्या चित्रात चपटा, त्याच्या आधीच्या चित्रात किंचित लांबट. आणि जेवढा रुंद, तेवढा बुटका. रुंदी वाढवून उंची तशीच ठेवली की चेंडू मोठा झालेला दिसतो.

आता कॉम्प्युटर. ब्लेंडर या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये वर एक ‘की’ (कुठल्या फ्रेमला चेंडू कुठे असेल याची खूण) आणि खाली एक ‘की’ लावली, की मधलं सगळं सॉफ्टवेअर भरतं. पण त्याची मूळ सेटिंग दोन्ही टोकांना वेग कमी करते. जमिनीजवळ चेंडूचा वेग सर्वांत जास्त हवा, तिथेच तो मंदावतो आणि फुग्यासारखा तरंगतो. ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचालीचा आलेख दिसतो तिथे, जमिनीवरची ‘की’ निवडून व्ही दाबायचं, व्हेक्टर निवडायचं, म्हणजे आलेखाच्या वक्ररेषेला तिथे टोक येतं. हे दोन मिनिटांचं काम आहे. पण टोक जमिनीवरच का हवं आणि वर का नको, हे ज्याने पट्टीने खुणा केल्यात त्यालाच कळतं. पहिल्या महिन्यात कॅरेक्टर चालतं ते बहुतेक वेळा तयार रिगवर (कॅरेक्टरच्या आतल्या हलवता येणाऱ्या सांगाड्यावर) लावलेल्या तयार चालीने. तीच चाल थकलेल्या माणसाची करून दाखव म्हटलं, की मूल अडतं.

चेंडूनंतर लंबक, मग पिठाची पिशवी (हात-पाय नसलेल्या पिशवीला जिवंत हालचाल द्यायचा सराव), मग चाल. दोन पावलांची चाल एका सेकंदात, १२ चित्रांत बसते. टाच टेकल्यानंतर शरीर खाली दबतं, ते चित्र काढायचं राहून गेलं तर माणसाला वजनच येत नाही.

घरी सराव घ्यायचा असेल तर सोसायटीत टेनिसचा चेंडू टाकून मोबाइलवर शूट करा. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, त्यामुळे मोजलेल्या फ्रेमना ०.८ ने गुणा. १५ आल्या तर आपल्या १२. लाइट टेबल (खालचं चित्र दिसावं म्हणून खालून उजेड येणारं टेबल) विकत घेऊ नका, दिवसा खिडकीची काच पुरते. मात्र कागदांना दोन भोकांच्या पंचने भोकं पाडून ते एकाच जागी अडकवा. मिलिमीटरभर सरकला तरी चित्र थरथरतं, आणि मुलाला वाटतं आपला हातच वाईट आहे.

नवव्या आठवड्यापासून लॅपटॉपवर ब्लेंडर सुरू होईल, तेव्हा पहिलं काम याच चेंडूचं असेल. मुलाची सगळी पानं फाइलला लावलेली आहेत. शनिवारच्या बॅचला या. पहिल्या आणि आताच्या पानांवरच्या खुणा शेजारी ठेवून दाखवतो. त्यानंतरही पुढे शिकवायचं नसेल, तर पुढच्या महिन्यांची भरलेली फी परत करू. त्यासाठी अर्ज नको, फोन पुरे.