‘कोड आणि सीड दिलं की पुरे’ हा दावा टिकत नाही

परभणी, नांदेड, लातूरकडच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो: ‘आरमधलं विश्लेषण पाठवताना कोड आणि सीड द्या, निकाल कुठंही तोच येतो. सेशनइन्फोची यादी म्हणजे पानं भरायचं काम. फार तर आरची आवृत्ती लिहा.’ आर ही आकडेवारीच्या विश्लेषणाची संगणकभाषा; सीड म्हणजे रँडम निवडीची सुरुवात ठरवणारा आकडा; आणि सेशनइन्फो ही चालू आर, पॅकेजं (जोड-फंक्शनांचे संच) आणि संगणक यांची माहिती देणारी आज्ञा. प्रबंध जमा करायच्या घाईत हे सोयीचं वाटतं, पण यातलं एकही विधान खरं नाही.

सीड तेच असलं की निकाल तोच येतो, हे पहिलं विधान. २०१९ मध्ये आलेल्या आर ३.६.० पासून रँडम निवड करणाऱ्या सॅम्पल फंक्शनची आकडे निवडायची मूळ पद्धतच बदलली. सोयाबीनच्या चाचणीत १ ते १० प्लॉटांचा क्रम सीड ४२ देऊन काढा. आर ३.५ वर तो १०, ९, ३ असा सुरू होतो, ३.६ पासून १, ५, १० असा. कोडमध्ये एका अक्षराचाही फरक नाही. शेतात लावलेला आराखडा मार्गदर्शकांच्या संगणकावर जुळत नाही, तो यामुळे. मूळ आवृत्ती माहीत असेल तर आरएनजीकाइंड या फंक्शनमध्ये सॅम्पल.काइंडला ‘राउंडिंग’ देऊन जुना क्रम परत मिळतो. माहीत नसेल तर नसलेली चूक शोधत बसा.

मग नुसती आरची आवृत्ती लिहिली तर? पॅकेजं आपापल्या गतीनं बदलतात. डेटा हाताळायच्या डीप्लायर पॅकेजात १.१.० पासून ओळी क्रमानं लावणारं अरेंज फंक्शन संगणकाच्या लोकेलप्रमाणं (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगप्रमाणं) नव्हे, तर ‘सी’ लोकेलप्रमाणं क्रम लावतं. त्यात कॅपिटल अक्षरं आधी येतात. इंग्रजीत लिहिलेल्या जिल्ह्यांच्या यादीत कुणी बीडचं पहिलं अक्षर स्मॉल टाकलं असेल, तर बीड लातूर-परभणीच्याही खाली जातं. पुढं कोड ‘पहिल्या पाच ओळी’ घेत असेल, तर बीड गुपचूप गळतं. एररही येत नाही, आणि घातक तेच आहे.

सेशनइन्फोच्या यादीतल्या लोकेलच्या ओळी तर लोक सर्रास कापून टाकतात. मराठीत काम करणाऱ्यांनी त्या आधी वाचाव्यात. विंडोजवर आर ४.२.० पासून (२०२२) देवनागरीही चालणारं यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) झालं, तेही विंडोज १० ची १९०३ किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल तरच. त्याआधीच्या आरमध्ये देवनागरी गावांची नावं डेटाफ्रेममध्ये (आरमधल्या तक्त्यात) छापली की ‘ड’ च्या जागी <यू+०९२१> असं दिसायचं. लोकेलच्या ओळीत शेवटी १२५२ (देवनागरी नसलेलं जुनं एन्कोडिंग) आहे की यूटीएफ८, एवढं पाहिलं की दुखणं कुठं आहे ते कळतं. फाइल बिघडलीय म्हणून गावांची नावं पुन्हा टाइप करत बसायची गरज नाही.

‘इन्स्टॉल केलेल्या सगळ्या पॅकेजांची यादी देतो’ ही पळवाटही नको. त्या शेकडो नावांत कोणतं वापरलं ते कळत नाही. सेशनइन्फो त्याच सेशनमध्ये, सगळा कोड चालून झाल्यावर चालवा. नवं सेशन उघडून चालवलं तर फक्त मूळ पॅकेजं दिसतात. दोन कोलन (::) देऊन बोलावलेलं पॅकेजही ती ओळ चालल्यावरच यादीत येतं.

शक्य असेल तर त्याच नावाच्या, म्हणजे सेशनइन्फो पॅकेजमधलं सेशन_इन्फो फंक्शन वापरा. त्यात पॅकेज क्रॅनवरून (आरच्या अधिकृत पॅकेज-साठ्यावरून) आलं की गिटहबवरून (कोड ठेवायच्या साइटवरून), आणि गिटहबवरचं असेल तर कोणत्या कमिटचं (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाचं), हेही येतं. विकासातल्या पॅकेजाच्या आवृत्तीचा ९००० वाला आकडा महिनोन्महिने तोच राहतो, म्हणून कमिट हवंच. काम चालू असताना पॅकेज अपडेट केलं, तर मेमरीत जुनी आणि डिस्कवर नवी आवृत्ती राहते. हा घोळही ते दाखवतं. तसं दिसलं तर आर बंद करून पुन्हा सुरू करा आणि सगळं परत चालवा.

एक मात्र मान्य: यादी म्हणजे नोंद, तिच्यातून पॅकेजं आपोआप बसत नाहीत. त्यासाठी आरएन्व्ह हे पॅकेज वापरा. तुमच्याकडं इनिट (सुरुवात), काम झाल्यावर स्नॅपशॉट (आवृत्त्यांची नोंद), समोरच्याकडं रिस्टोअर (त्याच आवृत्त्या बसवणं). ही नोंद ज्या लॉक फाइलमध्ये जाते, तिच्यात आरची आवृत्ती लिहिलेली असते, पण आर स्वतः बसवावं लागतं. ऑपरेटिंग सिस्टीम आणि लोकेल कळायला यादीच लागते, म्हणून लॉक फाइल आणि सेशनची टेक्स्ट फाइल दोन्ही कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवा.