पैशाने समतोल बिघडला म्हणता? मग इंडियाना जिंकलं कसं?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरचा (चेंडू हातात घेऊन धावायचा तो अमेरिकन फुटबॉल) एक मजकूर आमच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येतोच. तिकडे शिकणाऱ्या कुणाच्या तरी मुलाने आधी तो घरच्यांना पाठवलेला असतो. मजकुराचं सार असं: 'खेळाडूंना हवं तेव्हा विद्यापीठ बदलायची मुभा मिळाली, जाहिरातींचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली आणि खेळातली चुरस संपली. श्रीमंत विद्यापीठं सगळं विकत घेतात. पूर्वी निदान बरोबरीची लढत होती.'

सुरुवात या 'पूर्वी'पासूनच करू. जाहिरातींचे पैसे घ्यायची मुभा 1 जुलै 2021 पासूनची. त्याआधीच्या सात हंगामांत, म्हणजे 2014 ते 2020 या काळात, चार संघांच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे विजेता ठरवणाऱ्या हंगामाअखेरच्या बाद फेरीत, एकूण 28 जागा होत्या. त्यातल्या 20 जागा अलाबामा, क्लेमसन, ओहायो स्टेट आणि ओक्लाहोमा या चौघांनीच अडवल्या. याला बरोबरीची लढत म्हणायचं असेल तर म्हणा बापडे! आणि पैसा तेव्हा नव्हता असंही नाही. खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा 1987 चा अख्खा हंगाम रद्द झाला होता. पैसा होताच, फक्त टेबलाखालून फिरत होता.

खरी गोम राखीव बाकावर आहे, आणि मजकुरात तिचा उल्लेखही नाही. एका संघाला 85 शिष्यवृत्त्या देता यायच्या. मोठी विद्यापीठं शाळेतले उत्तमोत्तम खेळाडू उचलायची आणि त्यातले कित्येक वर्षानुवर्षं बाकावर बसायचे. सोडून जायचं तर बहुतेकांना नव्या ठिकाणी एक वर्ष मैदानाबाहेर काढावं लागे. कोण जाईल? 2021 मध्ये पहिल्या बदलीपुरती ही अट गेली, 2024 मध्ये पूर्णच गेली. मग बाक हलू लागला. ज्याला खेळायला मिळत नव्हतं तो मधल्या फळीतल्या संघात जाऊन पहिल्या दिवसापासून खेळू लागला.

'पैसेवालाच जिंकतो' या मुद्द्यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. 2024 च्या हंगामात ओहायो स्टेटने संघावर सुमारे 2 कोटी डॉलर खर्च केले आणि विजेतेपद नेलं. पण त्याच हंगामात फ्लोरिडा स्टेटने ऑरेगन स्टेटहून क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हलवणारा मुख्य खेळाडू) आणला, आणि आदल्या वर्षी पहिले 13 च्या 13 सामने जिंकलेला हा संघ 12 पैकी 10 हरला. 2025 मध्ये टेक्सास टेकने अब्जाधीश पाठीराख्याच्या जोरावर संघ बांधला, आपली बिग 12 परिषद (विद्यापीठांचा एक गट) जिंकली, आणि प्लेऑफमध्ये ऑरेगनकडून 23-0 असा मार खाल्ला. एक गुणही नाही.

आता इंडियाना विद्यापीठ. 2023 मध्ये 3 विजय, 9 पराभव. इतिहासात कधी एका हंगामात दहा सामने जिंकलेले नाहीत. कर्ट सिग्नेटी प्रशिक्षक म्हणून आले, पोर्टलमधून, म्हणजे बदली हवी असलेल्या खेळाडूंच्या यादीतून, माणसं उचलली आणि 2025 मध्ये संघ 16 पैकी 16 जिंकला. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा शाळेत असताना येलला जाणार होता; येलचं नाव अभ्यासासाठी, फुटबॉलसाठी नाही, म्हणजे मोठ्या संघांच्या खिजगणतीतही नव्हता. तो कॅलिफोर्नियातल्या बर्कलीहून बदली घेऊन आला. अंतिम सामना मायामीशी, मायामीच्याच मैदानात. शेवटच्या सत्रात चौथा डाऊन, म्हणजे चेंडू पुढे न्यायची शेवटची संधी. तीन गुणांची किक मारायची सोय असताना सिग्नेटींनी चेंडू मेंडोझाच्या हातात ठेवला. तो 12 यार्ड धडका खात, धडपडत गेला आणि आडवा झेपावून रेषेपलीकडे पडला. निकाल 27-21. इंडियानाकडे पैसा नव्हता का? होता, मार्क क्यूबनसारखा माजी विद्यार्थी देणगीदार आहे. पण पैसा अलाबामाकडेही आहे, आणि रोझ बोल या प्लेऑफच्या सामन्यात त्याच अलाबामाला इंडियानाने 38-3 असं लोळवलं.

त्या वर्षी उपांत्य फेरीत पोचलेल्या ओल मिसचा (मिसिसिपी विद्यापीठाचा) क्वार्टरबॅक ट्रिनिडॅड शॅम्बलिस तर फेरिस स्टेट या दुसऱ्या, म्हणजे खालच्या विभागातल्या संघातून आला होता. जुन्या नियमात त्याचं ते वर्ष बाहेर बसण्यातच जाण्याची शक्यता होती.

'खेळाडूंना निष्ठा उरली नाही' हा मुद्दा समतोलाचा नाहीच, पण मजकुरात असतो म्हणून एवढंच सांगतो: ओल मिसचे प्रशिक्षक लेन किफिन प्लेऑफच्या तोंडावर एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) निघून गेले. संघ त्यांच्याशिवाय दोन सामने जिंकला.

'लहान संपले' हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि मला त्याचाच जास्त त्रास होतो. मधल्या फळीला पोर्टलने वर काढलं, तळाला मात्र उपसलं. सिग्नेटी जेम्स मॅडिसन या लहान विद्यापीठातून आले तेव्हा तिथले 13 खेळाडू बरोबर घेऊन आले. इंडियानाच्या परीकथेची किंमत कुणीतरी मोजलीच. तरी लहानांच्या वाताहतीचं सगळं खापर पोर्टलवर फोडू नका. पॅक-12 परिषद मोडली ती टीव्हीच्या पैशाने: 2024 मध्ये तिच्यात ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट एवढे दोनच उरले. बाकीची दहा विद्यापीठं मोठ्या करारांच्या मागे गेली, तेव्हा कुणा खेळाडूला विचारलं नव्हतं.

आणि जेम्स मॅडिसन? इतकी माणसं जाऊनही दोन वर्षांत ते प्लेऑफमध्ये पोचले आणि ऑरेगनविरुद्ध 34 गुण काढून 51-34 असे हरले. त्यांचे प्रशिक्षक बॉब चेस्नी यांनी तोवर यूसीएलए या मोठ्या विद्यापीठाची नोकरी पक्की केलेली होती.