पेन्सिलीच्या रेषा तशाच ठेवणारी आवृत्ती

रिचर्ड विल्यम्स यांच्या 'द थीफ अँड द कॉब्लर' या ॲनिमेशनपटाची एका चाहत्याने जुळवलेली 'रीकॉबल्ड कट' ही आवृत्ती मी नुकतीच पुन्हा पाहिली. अशा फॅन एडिटना, म्हणजे चाहत्यांनी स्वतः नव्याने संपादित केलेल्या आवृत्त्यांना, सरसकट चोरी म्हणणे मला का पटत नाही, ते एकदा नीट लिहावेसे वाटले.

विल्यम्स यांनी १९६४च्या सुमारास हे काम हाती घेतले. जाहिरातींतून पैसे मिळवायचे आणि ते या चित्रपटात घालायचे, असे वर्षानुवर्षे चालले. त्यांनी ॲनिमेशन दिग्दर्शित केलेल्या 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'च्या (१९८८) यशानंतर वॉर्नर ब्रदर्सचे पाठबळ मिळाले, पण मुदत टळली आणि १९९२ मध्ये, थोडेच काम उरलेले असताना, चित्रपट त्यांच्या हातून काढून घेतला गेला. इतरांनी तो पुरा करताना गाणी घातली, दृश्ये कापली. १९९५च्या अमेरिकी आवृत्तीत तर मुळात एक शब्दही न बोलणारा चोर अखंड बडबडू लागला. डोक्याभोवती माश्या घोंगावणारा हा चोर आपल्या लांबसडक बोटांनी आणि लगबगीच्या चालीने बोलतो. सेकंदाला चोवीस चित्रे काढण्याचा अट्टहास त्यासाठीच तर होता. त्याच्या तोंडी शब्द घालणे मला आजही अक्षम्य वाटते.

२००६ मध्ये प्रथम पुढे आलेल्या 'रीकॉबल्ड कट'मध्ये पूर्ण झालेली दृश्ये उपलब्ध चांगल्या प्रतींतून घेतली आहेत आणि उरलेल्या जागी विल्यम्स यांच्या वर्कप्रिंटचा (अपूर्ण चित्रपटाच्या कामचलाऊ प्रतीचा) आधार घेतला आहे. त्यामुळे झगझगीत रंगांतला राजवाडा पाहता पाहता मध्येच पांढऱ्या कागदावर पेन्सिलीच्या थरथरत्या रेषा धावू लागतात, तर कुठे नुसते स्टोरीबोर्डचे, म्हणजे दृश्यांच्या चित्रमय आराखड्यातले, स्थिर चित्र येते. पहिल्यांदा खटकते, पण या प्रयत्नाचा प्रामाणिकपणा मला नेमका इथेच दिसतो, कारण दिग्दर्शकाचे काम कुठवर पोहोचले होते हे प्रेक्षकापासून लपवलेले नाही. स्वतःला न आवडलेले पात्र किंवा प्रसंग गाळून त्यावर दिग्दर्शकाच्या हेतूची मोहोर उठवणाऱ्या एडिटही पुष्कळ आहेत. त्यांची बाजू मी घेणार नाही. इथे मात्र प्रत्येक जोडणीमागे मूळ साहित्याचा पुरावा आहे.

विल्यम्स यांनी स्वतःजवळची १९९२ची प्रत २०१३ मध्ये ऑस्कर अकादमीच्या चित्रपटगृहात 'अ मोमेंट इन टाइम' या नावाने दाखवली, तेव्हा त्यातही पेन्सिलीची ती दृश्ये तशीच ठेवलेली होती.