फर्मीलॅबमधलं ते कडं म्यूऑन कोलायडर नव्हे

अमेरिकेत शिकागोजवळच्या फर्मीलॅब या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या 50 फूट व्यासाच्या गोल चुंबकाचा फोटो ‘जगातला पहिला म्यूऑन कोलायडर’ म्हणून फिरतोय. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण त्याहून बराच जड कण; कोलायडर म्हणजे कण एकमेकांवर आदळवणारं यंत्र. हे चूक आहे. त्या कड्यात म्यूऑन एकमेकांवर आदळवले जात नव्हते. ते फिरत असताना त्यांचं चुंबकत्व मोजलं जात होतं. म्यूऑन कोलायडर अजून जगात कुठेच बांधलेला नाही.

जागेवर थांबलेला म्यूऑन सरासरी 2.2 मायक्रोसेकंदच टिकतो, हे खरं. पण ‘म्हणून असा कोलायडर अशक्यच’ हेही पटण्यासारखं नाही. 5 टेरा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला म्यूऑनचा वेग प्रकाशाच्या अगदी जवळ असतो; सापेक्षतेमुळे त्याचा काळ मंदावतो आणि आपल्या घड्याळात तो सुमारे दशांश सेकंद जगतो. पण त्या ऊर्जेला नेण्याआधी विखुरलेल्या म्यूऑनांचा झोत चटकन आवळून घेणं, हे कठीण काम. ब्रिटनमधल्या ‘माइस’ प्रयोगाने 2020 मध्ये त्याची पहिली पायरी दाखवली. मला ती फार मोलाची वाटते.