पक्कड, पुठ्ठा आणि नवतपा

नागपुरात मे महिन्यात कूलर बंद पडणं म्हणजे घरात मयत झाल्यासारखंच. शेजारी येतात, दारातूनच हळू आवाजात विचारतात, "कधी झालं?"

आमच्याकडे 22 मेला झालं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागायला तीन दिवस. मोटर कण्हत कण्हत थांबली. ती बदलायला काढावी तर चार नटांपैकी तीन निघाले आणि चौथा निघेना. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं तो गंजून बोल्टाशी एकजीव झाला होता. मी पाना लावून जोर केला, तर नटाचे सहाही कोपरे झिजले आणि तो गोल झाला. गोल नटाला पाना म्हणजे टकलाला कंगवा.

अशा नटासाठी ग्रिप प्लायर असते. आमच्याकडे दहा इंची होती. मुठीतला स्क्रू फिरवून जबड्याचं माप ठरवायचं, मूठ दाबायची, 'कट्' झालं की ती हात सोडला तरी धरून बसते. गोम आहे ती माप ठरवण्यात. स्क्रू अर्धा आटा आत गेला तर दोन हातांनीही मूठ मिटत नाही. अर्धा आटा बाहेर राहिला तर ऐटीत कट् होतं आणि जबडा नटावरून घसरतो. एक हात कूलरच्या पोटात, घाम डोळ्यांत, अशा अवस्थेत सतरा वेळा स्क्रू फिरवल्यावर वाटलं, वस्तूची जाडी ओळखून आपोआप जुळवून घेणारी पक्कड आपणच का करू नये? त्या क्षणी मिस्त्रीला फोन केला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

लॉक होणाऱ्या पकडीचं पेटंट 1924 सालचं. अमेरिकेत नेब्रास्कातल्या डी विट गावच्या विल्यम पीटरसन या लोहारानं ते घेतलं होतं. मूळचा डेन्मार्कचा माणूस. गावातल्या लोहाराला जमतं तर 31 वर्षं फायली सांभाळलेल्या माणसाला का नाही? हा तर्क 45 अंशांतच सुचतो.

बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, टाचण्यांचे सांधे केले आणि डायनिंग टेबलावर पक्कड उघडझाप करू लागलो. खुबी एकाच जागी आहे. मूठ दाबत नेली की तीन सांधे एका सरळ रेषेत येतात. तिथं जोर सगळ्यात जास्त. रेषेच्या किंचित पलीकडे गेलं की लॉक. आपल्याकडच्या आग्रहासारखंच आहे हे. "जेवून जा ना जी" पहिल्यांदा म्हणतात तेव्हा आपण दाराकडे ओढ घेतो, दुसऱ्यांदा म्हणतात तेव्हा ओढाताण अगदी टोकाला जाते, तिसऱ्यांदा आपण रेषेपलीकडे जाऊन पाटावर बसतो. मग स्वतःहून उठता येत नाही, यजमानानंच खटका दाबावा लागतो.

आपोआप जुळण्यासाठी मी स्क्रूच्या जागी स्प्रिंगवर सरकणारी पाचर बसवली. पाचरेचा उतार जास्त ठेवला तर जोर आल्यावर ती मागे घसरते. कमी ठेवला तर घसरत नाही, पण अशी रुतते की निघत नाही. मी कमी ठेवला. घसरण्याचा मला कंटाळा आला होता.

"नवतपा सुरू होऊन राहिला, आणि तुम्ही पुठ्ठे कापून राहिले," ही म्हणाली. आवाजात अजून 'कट्' झालं नव्हतं, पण सांधे रेषेत येत होते.

इतवारीतून लोखंडी पट्टी आणली. वर्कशॉपवाल्यानं नकाशा उलटासुलटा पाहिला. "काकाजी, तयार भेटते ना जी बाजारात." मी त्याला पाचर समजावली. त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं आणि सहा मिलिमीटरच्या पिनांसाठी साडेसहाची भोकं पाडून दिली.

घरी जोडली तर लॉकच होईना! रेषेपलीकडे मी दीड मिलिमीटर ठेवला होता. सांधे चार, प्रत्येकात अर्ध्याची ढिलाई. माझा दीड मिलिमीटर त्यातच जिरला. उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून परत गेलो, नव्या पट्ट्या, घट्ट भोकं. लॉक सोडवणाऱ्या खटक्याची पट्टी मात्र राहून गेली. म्हटलं, ती नंतर बसवू.

27 मेला संध्याकाळी पक्कड नटाला लावली. स्क्रू नाही, माप नाही, काही नाही. मूठ दाबली, कट्. मी हात सोडला, ती लटकून राहिली. हिला हाक मारली. मग नट फिरवायला गेलो तर मूठ कूलरच्या पत्र्याला अडली. पाव फेरासुद्धा फिरेना. काढून दुसऱ्या बाजूनं लावू म्हटलं तर निघेना. पाचर रुतली होती, खटका नव्हता. पेचकस घातला, हातोडी मारली, दोन शब्द तोंडातून गेले.

शेवटी हिनंच फोन केला. मिस्त्री आला, पाच मिनिटं माझ्या यंत्राकडे पाहत राहिला. "हे काय आहे जी?" मी सांगू लागलो तोवर त्यानं लोखंड कापायचं ब्लेड काढलं आणि नटामागून बोल्टच कापला. दोन मिनिटं. नट पकडीसकट फरशीवर पडला, माझ्या अंगठ्यापासून चार बोटांवर.

मोटर बसली, कूलर सुरू झाला, वाऱ्यानं टेबलावरचं विजेचं बिल उडालं. हिनं ते उचललं आणि त्यावर माझी पक्कड ठेवली. नट अजून तिच्या जबड्यात आहे.