मार्बलहेडच्या खलाशांना पळपुटे म्हणणाऱ्या वाचकास

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांविरुद्ध लढलेल्या ग्लोव्हरच्या पलटणीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘कराराची मुदत संपताच घरी पळालेल्या मच्छीमारांना डोक्यावर घेणं हा निव्वळ अडाणीपणा आहे.’ मतभेद असू द्या हो, पण अडाणी? समोरासमोर बसलो असतो तर हा शब्द तुमच्या तोंडून निघाला असता का?

एक मान्य. जानेवारी 1776 पासून ही पलटण कागदोपत्री 14वी कॉन्टिनेंटल रेजिमेंट, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या एकत्रित फौजेचा भाग होती, गावची मिलिशिया (स्थानिक नागरिकांची फौज) नव्हे. पण माणसं बहुतेक तीच, मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेडची, आणि कर्नलही तोच, जॉन ग्लोव्हर.

आता ‘पळाले’चं बघू. मुदत संपत होती डिसेंबर 1776अखेर. 25 तारखेच्या रात्री, आठवडाही उरला नसताना, हेच लोक बर्फाचे तुकडे वाहत असलेल्या डेलावेअर नदीतून वॉशिंग्टनचे 2,400 सैनिक पलीकडे नेत होते. लोखंड वाहायच्या डरहॅम होड्यांत माणसं, तराफ्यांवर घोडे आणि 18 तोफा. सकाळी ट्रेंटनच्या लढाईत असनपिंक ओढ्यावरचा पूल यांनीच अडवला. मग कैद्यांसकट पुन्हा तीच नदी. पळायचंच होतं तर एवढी उस्तवार कशाला केली असती? आणि घरी तरी काय होतं? 1775च्या कायद्याने इंग्रजांनी न्यू इंग्लंडवाल्यांची उत्तर अटलांटिकमधली मासेमारीच बंद केलेली. गावाची चूल तिच्यावर. पुष्कळजण पुढे खाजगी लढाऊ जहाजांवर चढले, तेही इंग्रजांविरुद्धच. लुटीत वाटा मिळायचा, हो, मिळायचा. पोटाला नको?

माझे आजोबा हर्णैला तांडेल होते. ओहोटी आणि वारा दोन्ही उलटे पडले की वल्ह्याने तळहाताची सालटी कशी निघतात, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ऑगस्ट 1776मध्ये लाँग आयलंडहून सुमारे 9,000 माणसं एका रात्रीत, वल्ह्यांना फडकी गुंडाळून, इंग्रजांना चाहूल न लागू देता ईस्ट रिव्हरपार काढली, ती अशाच हातांनी. तुम्ही कधी वल्हं धरलंय?

बाकी त्या रात्रीचं धुकं, त्या कामात हचिन्सनच्या दुसऱ्या पलटणीचा वाटा वगैरे मुद्दे लेखात आहेत, नीट वाचा. ग्लोव्हर स्वतः 1777मध्ये ब्रिगेडियर जनरल होऊन परतला, हे मात्र तुमच्या प्रतिक्रियेत सोयीस्करपणे गळलंय. पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने टाकलीत तर उत्तर देईन, नाहीतर सरळ उडवीन.